बिननंबरी स्वातंत्र्याची किंमत

नगरच्या माणसाला दुचाकीचे कौतुक शिकवावे लागत नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी जुनी मंडळी अजूनही 'आपल्या नगरची लूना' असेच म्हणतात. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने ही मोपेड बाजारात आणली आणि दौंड रस्त्यावरच्या कारखान्याचे नाव तिच्याबरोबर देशभर पोहोचले. प्राथमिक शिक्षक, दूधवाले, दुकानातले मुनीम आणि अर्थातच कॉलेजची मुले, सगळ्यांना तिने जणू पाय दिले. इंजिन अवघे ५० सीसीचे. चढ लागला की पायडल मारावे लागे. तरीही तिला नंबर होता, चालवणाऱ्याला परवाना लागे आणि गाडीचा विमा उतरवावा लागे. गाडी लहान आहे म्हणून कायद्याने तिला मोकळे सोडले नव्हते.

हे सारे आज आठवण्याचे कारण आपल्या महाविद्यालयाचा सायकल स्टँड होय. तेथे हल्ली सायकली कमी आणि विजेच्या स्कूटरी जास्त दिसतात. त्यांत दोन जाती आहेत. एकीला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर असतो. दुसरीला नंबरच नसतो. पाटीच्या जागी एखाद्या देवाचे नाव किंवा 'आईचा आशीर्वाद' असे काहीतरी लिहिलेले असते. ही दुसरी गाडी घेताना दुकानदार सांगतो, "लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." या तीन 'नको'विषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की दुकानदार अगदीच खोटे बोलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत विजेवर चालणाऱ्या काही दुचाक्यांना सूट आहे. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, शिवाय ब्रेक व प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या, अशी गाडी 'मोटार वाहन' समजली जात नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून तसे प्रमाणपत्र मात्र दिलेले असावे लागते. या सवलतीमागचा विचार चांगला होता. सायकलपेक्षा थोडीशी वेगवान अशी ही गाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, गृहिणींनी, शाळकरी मुलांनी वापरावी, पेट्रोल वाचावे आणि कोणाला आरटीओच्या दारात उभे राहावे लागू नये.

पण कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत जमीनअस्मानाचे अंतर पडले आहे. तपासणीच्या वेळी वेगाला घातलेले कुलूप पुढे काढून टाकले जाते आणि पंचविसाची गाडी पन्नासने पळू लागते. हा प्रकार इतका वाढला की २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम उघडावी लागली. पुष्कळांना ठाऊक नसते की असा बदल केला त्या क्षणी ती गाडी सवलतीतून बाहेर पडते आणि कायद्याच्या दृष्टीने पुरती मोटार वाहन ठरते. म्हणजे मग नंबर नाही, विमा नाही, परवाना नाही, हे तिन्ही गुन्हे एकदमच घडतात. बदल करून देणाऱ्या विक्रेत्याला एका गाडीमागे एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, आणि करून घेणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. चालवणारा अठराच्या आतला असला तर पालकावर किंवा मालकावर खटला होतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मुलाच्या हौसेपायी बाप न्यायालयात उभा राहावा, हे कोणत्या घराला परवडेल?

कोणी म्हणेल, पंचविसाचा वेग तो काय! साधे गणित करून पाहू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. समोर कोणी आले हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात गाडी एक खोली ओलांडून गेलेली असते. वेग दुप्पट झाला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात विजेच्या गाडीची दोन खास लक्षणे आहेत. मूठ पिळताच ती जागेवरून झटकन उसळते. नवशिक्याचा तोल तेथेच जातो. आणि तिला आवाज नसतो. आपले कान लहानपणापासून गाडीच्या आवाजावर रस्ता ओलांडावयास शिकलेले आहेत. चितळे रस्त्यावर भाजी घेणाऱ्या बाईला, माळीवाड्याच्या स्टँडबाहेर एसटीची वाट पाहणाऱ्या आजोबांना, काठी टेकत जाणाऱ्या अंध माणसाला ही गाडी अंगावर येईपर्यंत कळतच नाही.

चालवणाऱ्याचेही हाल कमी नाहीत. साखरेचा हा जिल्हा. हंगामात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना चालतात. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. लहान चाकांची स्कूटर अशा खड्ड्यात अडकली की माणूस डोक्यावरच पडतो. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. डांबराला गाडी नंबरची की बिननंबरी हे कळत नाही. पण 'लायसन्स नको' ऐकलेला मुलगा 'हेल्मेटही नको' असा अर्थ आपणहून लावून मोकळा होतो.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहावयास लावले, ती सांगते. आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. गेल्या पावसाळ्यात दिवेलागणीला त्या रस्ता ओलांडत असताना मागून एक बिननंबरी स्कूटर आली. मावशी पडल्या, खुब्याचे हाड मोडले. गाडीवरची दोन मुले उठली, गाडी उचलली आणि निघून गेली. पाहणारे पाचसात जण होते. पण ते सांगणार काय? 'पांढरी गाडी होती' एवढेच. शस्त्रक्रियेसाठी मावशींच्या मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढले. मी त्याच्याबरोबर एका वकिलांकडे गेले होते. वकिलांचा पहिला प्रश्न होता, "गाडीचा नंबर काय?"

त्या दिवशी मला जे समजले ते आपल्या सर्वांना ठाऊक असावे असे वाटते. मोटार वाहनाने माणूस जखमी केला तर कायद्याने त्याच्यासाठी बरीच दारे उघडी ठेवली आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. जखमी राहतो त्या जिल्ह्यातही दावा चालतो. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळण्याची तरतूद आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख व गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. मे २०२५ पासून ठरावीक रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टालाही भरपाई ठरवताना किंमत धरली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आहे.

पण ही सारी दारे 'मोटार वाहन' या दोन शब्दांच्या किल्लीने उघडतात. धडक देणारी गाडी खरोखरच पंचविसाच्या आतली, सवलतीतली असेल, तर ती मोटार वाहनच नाही. मग न्यायाधिकरण नाही, विमा कंपनी नाही, पळून गेलेल्या वाहनाची योजनाही नाही. उरतो तो दिवाणी दावा, आणि निष्काळजीपणे वाहन हाकल्याबद्दल भारतीय न्याय संहितेखालचा फौजदारी गुन्हा. आणि ती गाडी वेग वाढवलेली असेल, तर ती मोटार वाहन ठरते खरी. पण ती सापडल्याशिवाय हे सिद्ध कोण करणार? नंबर नाही म्हणून गाडी सापडत नाही आणि गाडी सापडत नाही म्हणून ती कोणत्या जातीची ते ठरत नाही. भाजी विकणाऱ्या मावशींनी या चक्रातून कसे बाहेर पडावे?

नंबरप्लेट ही पोलिसांच्या सोयीची वस्तू आहे, असा आपला समज असतो. दंड होईल म्हणून आपण तिला भितो. माझ्या मते ती खरी जखमी माणसाच्या कामाची वस्तू आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हाती न्यायाचा तेवढाच एक धागा असतो, आणि तोच आपण 'नको' म्हणून टाकून देत आहोत.

उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. बिननंबरी स्कूटर चालवणाऱ्याला एखाद्या मोटारीने धडक दिली, तर त्याचा भरपाईचा हक्क जात नाही. धडक देणारे मोटार वाहन आहे, एवढे पुरते. म्हणून अपघात झाला की घाबरून घरी पळू नये. १०८ ला फोन करावा, पोलिसांत नोंद करावी, गाडीचे व जागेचे फोटो घ्यावेत, दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ही गोष्ट तर आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? बॅटरीने पेट घेतल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष मालाबद्दल उत्पादक व विक्रेत्याकडे भरपाई मागता येते. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात एक सात वर्षांचा मुलगा दगावला, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. पण बिल आणि प्रमाणपत्र नसेल तर त्या कडकपणाचा आपल्याला उपयोग काय?

माझ्यावर एक आक्षेप येईल याची मला जाणीव आहे. केडगावहून, निंबळकहून, अरणगावहून येणाऱ्या मुलींना ही स्कूटर म्हणजे वरदान आहे. एसटी वेळेवर नाही, पेट्रोल शंभरी ओलांडून गेलेले. या गाडीमुळे कित्येकींचे शिक्षण सुटले नाही. तिला नंबर आणि विमा लावला तर गरिबाची गाडी महाग होईल, असे आमचे काही प्राध्यापकही म्हणतात. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही; मीही मुलगीच आहे. परंतु २०२२ साली जाहीर झालेल्या दरांत तीन किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा तिऱ्हाइतासाठीचा विमा वर्षाला ४५७ रुपये होता. महिन्याला चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. ज्या मुलीचे शिक्षण या गाडीवर चालते, तिच्याच हातून उद्या कोणी जखमी झाले आणि भरपाई तिच्या शेतकरी बापाला खिशातून द्यावी लागली, तर ते शिक्षण टिकेल काय? विम्याने जखमी वाचतो तसा धडक देणाराही वाचतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. हळू गाडीला परवान्याची सूट खुशाल राहू द्या. पण सार्वजनिक रस्त्यावर विजेवर धावणाऱ्या प्रत्येक दुचाकीला साधा नंबर आणि तिऱ्हाइतासाठीचा विमा हवा, असा नियम सरकारने केला पाहिजे. ५० सीसीच्या लूनाला जे जमले ते हिलाही जमेल. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या विजेवरच्या लूनाचा वेग ताशी ५० किलोमीटर असल्याने तिला हे सर्व लागतेच आणि तरीही लोक ती घेतात. नियम होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते आपण करू. आपल्या स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक बिननंबरी गाडीची नोंद महाविद्यालयाने मालकाच्या नावासह ठेवावी, तिचे तपासणी प्रमाणपत्र पाहावे, वेग वाढवलेली गाडी आत घेऊ नये आणि हेल्मेटशिवाय फाटक उघडू नये.

विद्यार्थी मंडळाच्या पुढच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. माझ्या मित्रमैत्रिणींनी आणि गुरुजनांनी तेथे येऊन माझे मुद्दे खोडून काढले तरी मला वाईट वाटणार नाही. मात्र खोडताना मावशींच्या वकिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी बरोबर आणावे, एवढीच विनंती आहे.

(तृतीय वर्ष, कला)