हौदाचं पाणी

पाहुणे आले की कोल्हापूरकर त्यांना आधी अंबाबाईला नेतो, मग तांबडा-पांढरा खायला घालतो आणि उरलेल्या वेळात न्यू पॅलेस दाखवतो. मागच्या रविवारी रूममेटचे मामा लातूरहून आले, तेव्हा आम्हीही हेच केलं. काळ्या दगडाचा तो वाडा, घड्याळाचा मनोरा, आवारातली हिरवळ, हरणं... मामा एकदम खूश! मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, बांधकाम १८७७ ते १८८४, असं सगळं आम्ही भावी इंजिनिअर ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात मामांनी विचारलं, "एवढी पागा, एवढी बाग, मग राबणारी माणसं किती असतील रे? ती पाणी कुठं प्यायची?"

आमची दांडी गुल!

उत्तर नंतर लायब्ररीत सापडलं. राजवाड्यात गंगाराम कांबळे नावाचे दलित नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. तीही कुठं, तर १९०२ साली मागासांना पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या वाड्यात! महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. पण दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः गाडी थांबवून चहा प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. १९१९ साली तर सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा हुकूमच काढला.

अमेरिकेत माँटिसेलो नावाची अशीच एक वास्तू आहे. तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं टेकडीवरचं घर, भोवती मळे आणि बागा. १७७६ साली 'सगळी माणसं समान' असं लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले. आज तिथं बागेबरोबर गुलामांच्या खोपटांची जागाही दाखवतात, त्यांची नावं सांगतात. त्याने वास्तूची शोभा कमी होत नाही. उलट ती खरी वाटते.

माझं म्हणणं एवढंच की वाडा बघताना हौदही बघावा. हौदाची गोष्ट लपवली तर महाराजांनी चहा का प्यायला हेच कळणार नाही. नुसता पुतळा उरेल, हार घालायला.

आणि मित्रांनो, हौद लांब नाही. आपल्या मेसमध्ये वाढणारी पोरं कूलरचं पाणी पीत नाहीत, मागच्या नळाला जातात. त्यांना कुणी अडवलेलं नाही, तशी पाटीही नाही. पण "इथंच पी की रे भावा" असं तीन वर्षांत मीसुद्धा म्हणालो नाही. परवा पहिल्यांदा म्हणालो. तो नुसता हसला, आणि मागच्या नळालाच गेला.

एकदा म्हणून भागत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.