हिमनद्या आणि अर्धा नवस

स्वित्झर्लंड देशाच्या व्हाले प्रांतांत, ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यांत, फीश नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवामागच्या डोंगराच्या पलीकडे आल्प्स पर्वतांतील सर्वांत मोठी हिमनदी पसरलेली आहे. तिचें नांव आलेच. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं ही हिमनदी वाढत होती. तिच्या कडेला, बर्फाच्याच भिंतीनें अडविलेलें, मेर्येलेन नांवाचें एक सरोवर होतें. तें मधून मधून फुटे आणि खालच्या खोऱ्यांत पुराचा अनर्थ होई. तेव्हां सन १६७८ मध्यें फीश व त्याच्या शेजारचें फीशरताल येथील ख्रिस्ती लोकांनीं एक नवस केला. आम्ही सदाचरणानें राहूं, आणि हिमनदीची वाढ थांबावी म्हणून देवाची प्रार्थना करूं, असा तो नवस होता. सन १८६२ पासून त्यास वार्षिक मिरवणुकीची जोड मिळाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला गेला.

पुढें असें झालें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आलेच हिमनदी मागें हटूं लागली, आणि हटतां हटतां तिची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक कमी झाली. ज्या संकटाचें निवारण व्हावें म्हणून प्रार्थना करावयाची, त्याच्या अगदीं उलट संकट दारांत उभें असतां जुनेच शब्द उच्चारावे काय, असा प्रश्न गांवकऱ्यांस पडला. त्यांनीं रोम येथें पोपमहाशयांकडे विनंति केली, आणि सन २०१० मध्यें नवसाचे शब्द बदलण्याची अनुमति मिळाली. आतां हिमनदी वाढूं नये अशी नव्हे, तर ती नाहींशी होऊं नये अशी प्रार्थना करावयाची.

आमच्या वाचकांस यांत विचित्र वाटण्यासारखें कांहीं नाहीं. अवर्षणाच्या सालीं आमच्याही मंडळ्यांतून पाऊस पडावा म्हणून प्रार्थना होतात, आणि अतिवृष्टींत तो थांबावा म्हणून त्याच ओठांनीं विनवणी केली जाते. मागणें बदललें तरी ज्याच्याकडे मागावयाचें तो बदलत नाहीं. परंतु ही हकीकत वाचून आमचें मन अडलें तें निराळ्याच ठिकाणीं. मूळ नवसास दोन अंगें होतीं. एक प्रार्थनेचें आणि दुसरें सदाचरणाचें. पहिल्या अंगाचे शब्द काळानुसार बदलले. मग दुसऱ्या अंगाचा अर्थही आज नव्यानें शोधावयास नको काय? हा प्रश्न एकट्या फीश गांवापुरता नाहीं. तो आपणां सर्वांचा आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें येथें सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतों.

प्रथम हिमनदी म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ती चित्रांतच पाहिली असेल. उंच पर्वतावर हिंवाळ्यांत पडलेलें हिम उन्हाळ्यांत सगळेंच वितळत नाहीं. उरलेल्या हिमावर पुढील वर्षाचा थर बसतो, आणि अनेक वर्षांच्या थरांचा दाब पडून तळाशीं घट्ट बर्फ बनतो. हा बर्फ आपल्याच भारानें उतारावरून अतिशय सावकाश सरकत खालीं येतो, आणि उबदार हवेंत पोंचला म्हणजे वितळून वाहूं लागतो. पेढीवर ठेवलेल्या रकमेचें उदाहरण घेतलें तर ही गोष्ट लवकर समजेल. दरवर्षीं पडणारें हिम ही जमा, आणि वितळून जाणारें पाणी हा खर्च. जमेइतकाच खर्च असेल तर मुद्दल शाबूत राहतें. आज जगांतील बहुतेक हिमनद्यांचा खर्च जमेहून अधिक झाला आहे, आणि मुद्दलाला हात लागला आहे.

तो किती लागला आहे हें आंकड्यांवरून दिसेल. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील अवाढव्य हिमस्तर वगळले तरी पृथ्वीवर पावणेतीन लाखांच्या आसपास हिमनद्या आहेत. सन २००० पासून सन २०२३ पर्यंत त्यांतून दरवर्षीं सरासरी २७३ अब्ज टन बर्फ नाहींसा झाला. म्हणजे तेवढ्या काळांत एकंदर बर्फाचा सुमारें ५ टक्के भाग गेला. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनीं तर सन २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. आइसलंडमध्यें ओक नांवाची हिमनदी होती. ती मृत झाली असें सन २०१४ मध्यें ठरविण्यांत आलें, आणि सन २०१९ मध्यें लोकांनीं तेथें डोंगर चढून जाऊन, एखाद्या मनुष्याच्या स्मरणार्थ बसवावा तसा धातूचा लेख बसविला. संयुक्त राष्ट्रसंघानें सन २०२५ हें वर्ष हिमनद्यांच्या रक्षणासाठीं वाहिलें, आणि त्या वर्षापासून २१ मार्च हा हिमनद्यांचा दिवस ठरविला.

याचें कारण काय? कारण शोधणाऱ्यांपैकीं एक मनुष्य आलेच हिमनदीचाच शेजारी होता, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. जॉन टिंडल या ब्रिटिश शास्त्रज्ञानें सन १८५९ मध्यें प्रयोगानें दाखविलें कीं, पाण्याची वाफ व कार्बन डायॉक्साइड यांसारखे वायु उष्णता शोषून घेतात व तिला सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहींत. त्याच्याही तीन वर्षें आधीं, सन १८५६ मध्यें, युनिस फूट या अमेरिकन बाईनें कांचेच्या नळ्या उन्हांत ठेवून, या वायूनें भरलेली नळी अधिक तापते हें नोंदून ठेविलें होतें; आमच्या विद्यार्थिनींनीं हें नांव लक्षांत ठेवावें. टिंडलला आल्प्सचें अतिशय वेड होतें. पुढें त्यानें आलेच हिमनदी दृष्टीस पडेल अशा बेलआल्प या ठिकाणीं घर बांधलें व तेथें अनेक उन्हाळे घालविले. यंत्रयुगाच्या पूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. ही भर मुख्यत्वें दगडी कोळसा, खनिज तेल व वायु जाळल्यानें आणि जंगलें तोडल्यानें पडली आहे.

यावर कोणी म्हणतात कीं, पृथ्वीवर हिमयुगें आलीं आणि गेलीं, तेव्हां मनुष्यानें कोठें कोळसा जाळला होता? प्रश्न रास्त आहे. आलेचच्या आरंभींच्या माघारींत निसर्गाच्या फेऱ्याचाही वांटा होता, हें शास्त्रज्ञ मान्य करतात. परंतु गेल्या कांहीं दशकांतील बर्फाच्या नाशाचा वेग निसर्गाच्या फेऱ्यानें उलगडत नाहीं. त्याचें मुख्य कारण मनुष्याचेंच कृत्य आहे. वणवा विजेनेंही लागतो, म्हणून काडी लावणारा निर्दोष ठरत नाहीं.

आतां परिणामांकडे वळूं, आणि आल्प्स सोडून आपल्या हिमालयाकडे येऊं. फीशच्या लोकांस वाढत्या बर्फानें अडविलेल्या सरोवराची भीति होती. हिमालयांत आज वितळत्या बर्फापासून जन्मलेल्या सरोवरांची भीति आहे. हिमनदी मागें हटली म्हणजे तिनें लोटून आणलेल्या दगडमातीचा बांध पुढें उरतो व त्याच्यामागें पाणी सांचतें. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर असेंच वाढत गेलें होतें. ता. ३ व ४ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान रात्रीं त्याच्या कांठचा मोठा भाग सरोवरांत कोसळला, पाणी उसळून बाहेर पडलें, आणि तीस्ता नदीच्या खोऱ्यांत हाहाकार उडाला. चुंगथांग येथील १२०० मेगावॅट विजेच्या प्रकल्पाचें धरण वाहून गेलें, आणि अनेक माणसें झोंपेतच पुराच्या तोंडीं पडलीं.

दुसरा परिणाम इतका भयंकर दिसत नाहीं, परंतु तो अधिक खोल आहे. मुद्दल मोडून खाणाऱ्या घरांत कांहीं वर्षें सुबत्ता दिसते, तसें हिमनद्या वितळत असतां नद्यांचें पाणी प्रथम वाढतें. मग बर्फच उरत नाहीं आणि ऐन उन्हाळ्यांत पाणी घटतें. लडाखसारख्या कोरड्या प्रदेशांत व सिंधु नदीच्या खोऱ्यांत या पाण्यावर पुष्कळ शेती अवलंबून आहे. हिंदुकुश व हिमालय यांच्या डोंगराळ मुलुखांत सुमारें २४ कोटि लोक राहतात, आणि तेथून निघणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत सुमारें १६५ कोटि. पृथ्वीचें तपमान यंत्रयुगापूर्वींच्या मानानें दीड ते दोन अंशांनीं वाढलें, तर शतकाच्या अखेरीस तेथील हिमनद्यांचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग नाहींसा होईल, असा तज्ज्ञांचा अदमास आहे.

येथें आमचे कांहीं पालक म्हणतील, "गुरुजी, हें सर्व खरें, परंतु आमच्या गोदेला, भीमेला, कृष्णेला हिमालयाचें काय? त्या सह्याद्रींत उगम पावतात आणि पावसावर भरतात." हें भूगोलाच्या दृष्टीनें अगदीं बरोबर आहे. तथापि सह्याद्रीच्या दुसऱ्या बाजूस समुद्र आहे, आणि जगांतील सर्व बर्फाचें पाणी अखेर त्यालाच मिळतें. वर सांगितलेल्या चोवीस वर्षांत केवळ हिमनद्यांच्या पाण्यानें समुद्राची पातळी सुमारें १८ मिलिमीटरांनीं चढली. ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांचा बर्फ आणि समुद्राचें पाणी तापून होणारी फुगवण यांची भर निराळीच. १८ मिलिमीटर म्हणजे बोटभर रुंदी, असें कोणी हंसून म्हणेल. परंतु उधाणाच्या भरतीला ज्यांच्या अंगणांत आधींच खारें पाणी येतें, त्या कोंकणच्या खाडीकांठच्या लोकांना एकेक बोट मोजावें लागतें.

समजा, समुद्रही आपल्यापर्यंत पोंचला नसता. तरी आमचें उत्तर बदललें नसतें. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आमचे विद्यार्थी प्रतिवर्षीं ऐकतात. वाटेवर पडलेला मनुष्य आपल्या गांवचा नाहीं, एवढें पाहून पुढें जाणाऱ्यांची त्यांत काय किंमत केली आहे, हें त्यांना ठाऊक आहे. तीस्तेच्या कांठचा मनुष्य आपला शेजारी कीं नव्हे, हा प्रश्न नकाशा पाहून सुटणार नाहीं.

आतां त्या नवसाच्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं. हिंदुस्थानांतील एका माणसामागें हवेंत जाणारा कार्बन डायॉक्साइड जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्या देशांनीं दीडदोनशें वर्षें कोळसा जाळून संपत्ति मिळविली, त्यांच्यावर अधिक भार पडला पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे. ती अवश्य करावी. परंतु दुसऱ्याचें पाप मोठें आहे, एवढ्यानें आपला हिशेब चुकता होत नाहीं. महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग अद्यापि चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणीं जळणाऱ्या कोळशापासून येतो. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा त्याच भट्टीला कोळसा घालीत असतो. सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं, दहा मिनिटांच्या वाटेवर राहणाऱ्या एकेका मुलास सोडण्यासाठीं एकेक मोटार येऊन उभी राहते. लग्नसमारंभांत रात्र संपली तरी दिव्यांच्या माळा विझत नाहींत. उणीव असलेल्या घरानें आणखी उणें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्यापाशीं आहे त्यानें उधळूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

एका शाळेनें पंखे बंद केल्यानें आलेच वाचणार नाहीं, हें आम्ही जाणतों व विद्यार्थ्यांपासून लपवूं इच्छीत नाहीं. आज तापमानवाढ थांबली तरी त्या हिमनदीचा तिसऱ्या हिस्स्याहून अधिक बर्फ या शतकांत जाणार, इतका उशीर झाला आहे. परंतु वाढ अनिर्बंध चालूं दिली तर तेथें बर्फाचे एकदोन तुकडेच उरतील. या दोहोंमधील अंतर अजून मनुष्याच्या हातीं आहे. सन २०१५ मध्यें पॅरिस येथें राष्ट्रांनीं तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खालीं रोखण्याचें वचन दिलें. तें राज्यकर्त्यांकडून पाळून घेणें, हेंही मत देणाऱ्या पालकांचें सदाचरणच आहे. आणि ज्ञान व श्रम यांनीं काय होतें याचें उदाहरण लडाखांतच आहे. तेथील शेतकऱ्यांस पेरणीच्या वेळीं, वसंतांत, पाणी हवें असतें. उंचावरील हिमनद्यांचें पाणी मात्र उशिरां येतें. चेवांग नॉर्फेल या अभियंत्यानें हिंवाळ्यांत फुकट वाहून जाणारें ओढ्यांचें पाणी लहान लहान बांधांनीं अडवून, गांवाजवळच्या सावलींत थरांथरांनीं गोठवून ठेवण्याची युक्ति १९८० नंतरच्या दशकांत अमलांत आणली. तो बर्फ पेरणीच्या सुमारास वितळतो. यानें खऱ्या हिमनद्या परत येत नाहींत. परंतु शेतें पेरलीं जातात.

आज आठवीच्या वर्गांत बसलेलें मूल या शतकाच्या अखेरीस नव्वदीच्या घरांत असेल. हिमालयाचा बर्फ किती उरला हें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहील. आम्ही शिक्षक व त्याचे आईबाप तेव्हां उत्तर देण्यास नसूं. मनुष्य हा सृष्टीचा धनी नसून कारभारी आहे, असें आम्ही वर्गांत शिकवितों. कारभाऱ्यास कधीं तरी हिशेब द्यावा लागतो, हेंही शिकवितों. म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, या मुलांपुढें प्रार्थनेबरोबर आचरणही ठेवावें. आणि तीच विनंति आम्ही स्वतःस करतों. फीशच्या गरीब शेतकऱ्यांनीं सन १६७८ मध्यें नवस केला, तेव्हां हिमनदी कशानें वाढते व कशानें आटते हें त्यांना ठाऊक नव्हतें. तरीही आपल्या वागणुकीशीं तिचा कांहीं संबंध असावा, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. आपणांस तर तो संबंध प्रयोगानें सिद्ध होऊन कळला आहे. कळल्यावर केवळ हात जोडून बसणें म्हणजे अर्धाच नवस फेडणें होय. उरलेला अर्धा फेडण्याची बुद्धि व बळ देवबाप आम्हां सर्वांस देवो.