सुनेचं औषध

गेल्या खेपेस आपण गुलाबी बोंडअळीबद्दल बोललो होतो. आज पुढचा भाग, म्हणजे फरदड न घेण्याविषयी लिहायचे ठरवले होते. पण कागद पुढे ओढला आणि पिपरी मेघेच्या त्या बाईंची आठवण झाली. फरदडीचे एवढेच सांगतो, की डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा आणि वावर मोकळे करा. बाकीचे पुढच्या अंकात.

बायकांच्या बचत गटापुढे मी कामगंध सापळे कसे लावायचे ते दाखवत होतो. सभा संपली, बायका चहाला उठल्या. साठीकडे झुकलेली एक बाई तेवढी मागे राहिली. म्हणाली, "साहेब, अळीचं औषध सांगता, सुनेचं औषध हाय का तुमच्याजवळ?"

मी हसलो, पण ती हसली नाही. धनी जाऊन दोन वर्षे झाली होती. एकुलत्या मुलाने आपल्या पसंतीने लग्न केले होते. मुलगी दवाखान्यात परिचारिका, घराणे ख्रिस्ती. स्वभावाने वाईट नव्हती, पण रविवारी प्रार्थनेला जायची, रात्री पुस्तक उघडून डोळे मिटून बसायची. सासूने आपला माठ वेगळा केला, मग चूल वेगळी केली. मुलगा दोघींच्या मधे सापडला. "एका घरात तीन माणसं, अन् कोणी कोणाशी बोलत नाही जी," असे म्हणताना तिचा गळा दाटून आला.

कृषी पदवीच्या अभ्यासात या रोगावर काही शिकवलेले नव्हते. पण माठ आणि चूल वेगळी केल्याचे ऐकले आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. चहा गार होईपर्यंत मी त्यांचीच गोष्ट सांगत बसलो.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. हे टिळक म्हणजे कवी, मोठे विद्वान. पण संसाराला माणूस कठीण! डोक्यात राख घालून घेणारे, हातातला पैसा समोर येईल त्याला देऊन टाकणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोला अक्षर ओळखायला मात्र त्यांनीच शिकवले, हेही सांगितले पाहिजे.

पुढचे आपल्या भागाशी जोडलेले आहे. टिळक काही काळ नागपुरास होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी बोलणे झाले आणि त्याने बायबलचा नवा करार त्यांच्या हाती दिला. ते पुस्तक त्यांनी वाचले, विचार केला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता!

त्या काळी ब्राह्मणाच्या घरात हे म्हणजे जिवंतपणी मरण. नवरा आहे, पण नसल्यासारखा. पदरात देवदत्त नावाचा लहानगा मुलगा. नातेवाईकांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी चार-पाच वर्षे काढली, पैकी बराच काळ पंढरपुरास. दुःखाने त्या आजारी पडल्या. पुढे टिळकांकडे परत गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे शाबूत! ज्या घरात नवरा प्रार्थना करी, त्याच घरात बायको आपले अन्न वेगळे शिजवी.

इथे बाईने मला थांबवले. "नवऱ्यानं चालू देलं?"

चालू दिले. जबरदस्ती केली नाही, हे टिळकांचे मोठेपण. विचार करायचा तो लक्ष्मीबाईंनीच केला, आणि सावकाश केला. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. माणसाने घातलेली कुंपणे आधी गेली, देवाचे नाव मागाहून बदलले. मला या गोष्टीत तोच भाग फार मोलाचा वाटतो.

बाप्तिस्म्याने संसार एकदम गोड झाला, असे मात्र कोणी समजू नये. टिळकांचा राग होता तसाच होता, पैशाची ओढाताणही तशीच. 1917 साली तर त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. पन्नाशीला टेकलेल्या बाईपुढे पुन्हा नवे आयुष्य उभे राहिले. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले होते. एके काळी अक्षरओळख नसलेल्या या विधवेने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' या नावाने आपली हकीकतही सांगितली. तिचा पहिला भाग 1934 साली निघाला. 1936 साली त्या वारल्या. एवढे सोसलेल्या बाईचे हे पुस्तक वाचताना माणूस हसून हसून बेजार होतो! नवऱ्याचे दोष त्यांनी झाकले नाहीत आणि त्याच्यावरची मायाही लपवली नाही. ख्रिस्ती धर्मात क्षमेला मोठे स्थान आहे. क्षमा करणे म्हणजे झालेले विसरून जाणे नव्हे, हे मला त्या पुस्तकावरून कळले.

ज्या भगिनींना घरात मार खावा लागतो, त्यांना मी लक्ष्मीबाईंचे उदाहरण देऊन 'सहन करा' म्हणणार नाही. त्यांच्यासाठी 2005 चा घरगुती हिंसाचार विरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, 181 हा दूरध्वनी आहे. प्रार्थना करावी आणि तक्रारही नोंदवावी.

आपले धनी गेल्यावर सातबाऱ्यावर तुमचे नाव चढले काय, असेही मी त्या बाईला विचारले. तिला ठाऊक नव्हते. हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीने वारस असते. ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा वारसा कायदा लागतो. त्यात मुले असतील तर विधवेचा हिस्सा एक तृतीयांश. माणूस गेल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. उशीर झाला असला तरी जाऊन फेरफार करून घ्या, असे तिला सांगितले. नात्यातला निम्मा कडवटपणा 'आपले इथे काय?' या भीतीतून येतो, असे माझे नोकरीतले निरीक्षण आहे.

"पण त्याईच्या पुस्तकात सासूसुनेचं काही हाय काय?" बाईने जाता जाता विचारले.

आहे, आणि तेही शेतीतले. रूथ नावाची विधवा सून आपल्या विधवा सासूला, नामीला, सोडून माहेरी जात नाही. परमुलखात, परधर्मात सासूबरोबर येते. पोटासाठी सातूच्या कापणीमागे फिरून सरवा वेचते. गोरगरिबांसाठी शेताच्या कडा न कापता सोडाव्यात, असा त्या लोकांचा नियम होता. वावराचा धनी बवाज, तो तिला मान देतो, आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. नातू होतो तेव्हा नामीच्या मांडीवर खेळतो. आपल्या पवनारला विनोबांनीही बायबल वाचले होते. 'ख्रिस्तधर्म-सार' त्यांनीच काढले. मग तुम्ही ऐकले तर काय बिघडेल, असे मी म्हटले. सरवा वेचण्याचे ऐकल्यावर बाईचा चेहरा थोडा सैल झाला. तिने स्वतः लहानपणी ज्वारीची कणसे तशीच वेचली होती.

महिन्याने सापळ्यातले पतंग मोजायला त्याच वस्तीवर गेलो. बाई भेटल्या. तलाठ्याकडे अर्ज दिला होता. माठ अजून वेगळाच आहे. पण रात्री सून पुस्तक उघडते, तेव्हा त्या दाराशी बसतात. म्हणाल्या, "वाचते चांगलं, पण लय भराभर वाचते. मी म्हटलं, हळू वाच ना बाई, ते वेचायचं पुन्हा एकदा सांग."