भयाची तेजी, निर्धास्तीची मंदी

व्यापाराचे एक साधे सूत्र आपल्या अंगवळणी पडले आहे. पाऊसपाणी चांगले झाले, लोकांच्या हाती चार पैसे खेळू लागले आणि मनाला स्वास्थ्य लाभले, की बाजार फुलतो. कापडवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांचा अनुभव हाच. परंतु जगात एक धंदा असाही आहे, की ज्याचे गणित याच्या नेमके उलट चालते. लोक धास्तावले की त्याला तेजी येते आणि लोक निर्धास्त झाले की त्याच्या कारखान्यांतील पाळ्या बंद पडू लागतात. हा धंदा म्हणजे अमेरिकेतील काडतुसांचा. त्याच्या अलीकडच्या चढउतारांकडे, आणि त्यांत होरपळणाऱ्या कामगार-कुटुंबांकडे, या महिन्यात वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. परवानाधारकाने किती काडतुसे घ्यावीत यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या घटनादुरुस्तीने दिलेला असून, बहुतेक राज्यांत काडतुसांची पेटी क्रीडासाहित्याच्या दुकानात सहज मिळते. म्हणजे आपण जिला युद्धसामग्री म्हणतो, ती तेथे घरगुती खरेदीचीही वस्तू आहे. आणि घरगुती खरेदीची वस्तू म्हटली, की ग्राहकाच्या मनाची लहर तिच्या मागे लागलीच.

पूर्वी हा ग्राहक मुख्यतः शिकारी होता. हरणाच्या हंगामात त्याला एखाद-दुसरी पेटी पुरे. उरलेली पुढच्या वर्षी चाले. त्याची मागणी बेताची, पण भरवशाची असे. पुढे वस्ती शहरांकडे सरकली, शिकारीची हौस मागे पडली आणि त्याची जागा दुसऱ्या ग्राहकाने घेतली. हा ग्राहक आत्मरक्षणासाठी पिस्तूल घेतो, नेमबाजीच्या मैदानावर एका दुपारी शंभर-दोनशे गोळ्या उडवतो आणि वर्तमानपत्रातील मथळ्याने विचलित होतो. शिकाऱ्याचे पंचांग ऋतूंचे होते; याचे पंचांग निवडणुकांचे आणि दंगलींचे आहे.

याची प्रचीती वारंवार आली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधील न्यूटाउन गावच्या शाळेत वीस चिमुकल्यांची व सहा शिक्षक-सेविकांची हत्या झाली. शस्त्रांवर आता कडक निर्बंध येणार, या कल्पनेने लोकांनी खरेदीसाठी एकच झुंबड उडवली. २०१३ साली अगदी साध्या पॉइंट बावीस बोरच्या काडतुसांचाही दुकानांत दुष्काळ पडला. २०१६ च्या निवडणुकीपूर्वी तीच धांदल पुन्हा झाली. बंदूक खरेदी व परवाने यांसाठी केंद्रीय तपासखात्याकडे येणाऱ्या चौकशांची संख्या त्या वर्षी सुमारे २ कोटी ७५ लाखांवर गेली. निवडणुकीत शस्त्रस्वातंत्र्याचा कैवारी उमेदवार विजयी झाला, भीती ओसरली, आणि २०१७ मध्ये हाच आकडा सुमारे २ कोटी ५२ लाखांवर आला. ज्याच्या विजयाने या व्यवसायाने आनंद मानला, त्याच्याच राजवटीत त्याला मंदी भोगावी लागली. १८१६ साली स्थापन झालेल्या रेमिंग्टन कंपनीने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या डोक्यावर कर्जाचाही डोंगर होता हे खरे. पण कर्ज फेडायचे ते विक्रीतून, आणि विक्रीच आटलेली.

ही ओहोटी इतकी तीव्र का असते? कारण काडतूस नासत नाही. कोरड्या जागी ठेवले तर ते कित्येक वर्षे चांगले राहते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिठाची टंचाई होणार अशी वावडी उठली, तेव्हा दिल्ली व उत्तर प्रदेशात लोकांनी किराणा दुकानांपुढे गर्दी केली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. ज्या घरात पाच-सहा किलो मीठ येऊन पडले, त्या घरातील माणसे काही जास्त खारट खाऊ लागली नाहीत. वाण्याकडे जाणे तेवढे लांबले. काडतुसांचेही तसेच आहे. भयाच्या भरात झालेली खरेदी ही नवी मागणी नव्हे. ती उद्याच्या मागणीची आज केलेली उचल आहे, आणि ही उचल पुढे कामगाराच्या पगारातून वसूल होते.

कामगाराच्याच पगारातून का, हे समजण्यासाठी काडतुसाची घडण पाहिली पाहिजे. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, पुढे शिशाची गोळी आणि बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, असे त्याचे चार भाग. पैकी टोपीत भरायचे स्फोटक फार नाजूक. त्याचे काम जोखमीचे आणि जाणत्या हातांचे. अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. असा नवा कारखाना वर्षा-दोन वर्षांत उभा राहत नाही आणि तो उभा राहीपर्यंत तेजी टिकेल याची शाश्वती नसते. म्हणून मालक यंत्रे वाढवीत नाही, पाळ्या वाढवितो. तेजीत तिसरी पाळी, रविवारचे काम, नवी भरती. मंदीत पहिली कुऱ्हाड याच नव्या भरतीवर. यंत्र जागचे हलत नाही. आत-बाहेर होतो तो माणूस. १९८८ च्या कायद्याने तेथील मोठ्या कारखानदाराला सामूहिक कपातीपूर्वी साठ दिवसांची सूचना द्यावी लागते. परंतु साठ दिवसांत घराचे हप्ते फिटत नाहीत.

२०२० साली तर नियतीने विचित्र खेळ मांडला. महामारी, रस्त्यांवरील अशांतता आणि निवडणूक यांचा त्रिवेणी संगम झाला. २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख असलेल्या चौकशा ३ कोटी ९७ लाखांवर पोहोचल्या. पेढीबाहेर गिऱ्हाइकांची अशी रीघ लागलेली असताना रेमिंग्टनने जुलैमध्ये दुसऱ्यांदा दिवाळे काढले. तिचे तुकडे करून विकण्यात आले. आर्कान्सामधील लोनोक गावचा काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने सुमारे ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला आणि तेथे पुन्हा जोमाने भरती सुरू केली. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या बंदुकांच्या कारखान्यात मात्र शेकडो कामगारांना घरी बसावे लागले. तो कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये कायमचा बंद झाला. पुढे महामारी सरली, कपाटे भरलेली राहिली आणि खरेदीचा जोर पुन्हा उतरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा काडतुसांचा सारा व्यवसाय एका चेक उद्योगसमूहाकडे गेला. लोनोकच्या कामगाराचे यंत्र तेच, बाक तोच. मालक मात्र चार वर्षांत दोनदा बदलला.

तेजी असली म्हणजे नोकरी शाबूत, असेही समजू नये. इलिनॉयमधील ईस्ट ऑल्टन हे विंचेस्टर काडतुसांचे माहेर. तेथे पिढ्यान् पिढ्या लोक एकाच फाटकातून कामाला जात. २०१० साली मालक असलेल्या ऑलिन कंपनीने वेतन गोठविण्याचा प्रस्ताव ठेवला. संघटनेच्या सभासदांनी तो फेटाळला. कंपनीने त्या विभागाचे काम दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात, ऑक्सफर्ड येथे हलविण्याचे जाहीर केले. सुमारे एक हजार नोकऱ्या ईस्ट ऑल्टनमधून गेल्या. तेव्हा काडतुसांना मागणी नव्हती असे नाही. स्वस्त मजुरीचा प्रांत उपलब्ध होता, एवढेच.

या कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. जबलपूरजवळच्या खमरियाचा १९४२ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला. भुसावळजवळचा वरणगावचा, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरचा. प्रत्येकाचा जन्म कोणत्या ना कोणत्या संकटाशी बांधलेला. या कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळे लागत, अशी कुटुंबे आपल्या वाचकांत निश्चितच असतील. येथे बाजारातील लहरी गिऱ्हाईक नाही. मुख्य ग्राहक एकच, आणि तो म्हणजे सरकार. तरीही १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या आणि दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. कामगारांना प्रथम मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवण्यात आले. म्हणजे ज्याने सरकारी नोकरी म्हणून पाय टाकला, त्याच्या कानी आता मागणीपत्रे, स्पर्धा आणि निर्यात हे शब्द येऊ लागले आहेत.

काडतुसांच्या कामगाराला कोणी सहज दूषण देईल, की याचे पोट दुसऱ्याच्या भयावर चालते. हा न्याय नव्हे. गोळी कोणावर झाडायची हे तो ठरवीत नाही. कारखाना कोठे हलवायचा हेही नाही. त्याच्या हाती एवढेच असते, की तेजीतल्या जादा पाळीचे पैसे पगार न मानता ठेव मानावी, आणि मुलाला बापाच्याच फाटकाची वाट दाखविण्यापूर्वी दुसरी विद्याही द्यावी. परंतु सारे ओझे त्याच्यावर टाकून मालकाला मोकळे सुटता येणार नाही. भयाच्या महिन्यांत मिळालेला अवाच्या सवा नफा जर भागधारकांच्या पदरात पडतो, तर निर्धास्तीच्या महिन्यांची तरतूदही त्यातूनच बाजूला निघाली पाहिजे. तसे झाले नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची मने शांत झाली म्हणून एखाद्या गृहिणीला पोटात गोळा येण्याची पाळी येते. ज्या व्यवस्थेत सज्जन माणसाला गावाच्या शांततेची धास्ती वाटावी, तिच्यात काही मूलभूत वैगुण्य आहे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.