जाळी कशाची, हे आधी विचारा

जांब समर्थहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंचे आतड्याचे ऑपरेशन झाले, जखमेत पू झाला आणि वर्षभरात टाक्यांच्या जागी नारळाएवढा फुगवटा आला. डॉक्टर म्हणाले, हर्निया गुंतागुंतीचा आहे, ‘बायोलॉजिक’ जाळी लागेल. घरी कुणीतरी सांगितले, ती डुकराच्या कातडीची असते. सासूबाईंनी ऑपरेशनचे नावच टाकले.

ऐकीव गोष्ट पुष्कळशी खरी आहे. अशा अनेक जाळ्या डुकराच्या कातडीच्या असतात, काही गोवंशाच्या, काही मरणोत्तर दान केलेल्या मानवी त्वचेच्या. (म्हणजे हा प्रश्न शेजारच्या हिंदू घरालाही पडू शकतो.) कातडीतल्या पेशी काढून टाकतात, कोलॅजेनचा सांगाडा उरतो आणि त्यात रुग्णाच्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात. जंतुसंसर्गाची भीती असलेल्या पोटात प्लास्टिकची जाळी टिकणार नाही, ही टिकेल, अशी सर्जनांची आशा होती.

ती आशा फळली नाही. २०२२ साली अमेरिकेतील २५३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दूषित जखमेच्या हर्नियात निम्म्यांना डुकराच्या कातडीची, निम्म्यांना साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवली होती. दोन वर्षांत हर्निया पुन्हा होण्याचा धोका कातडीच्या जाळीत सुमारे २० टक्के, साध्या जाळीत सुमारे ६ टक्के निघाला. किंमत एकीकडे २१ हजार डॉलरच्या वर, दुसरीकडे १०५ डॉलर! मात्र उघड पू असलेल्या जखमा त्या अभ्यासात नव्हत्या. तिथे आधी संसर्ग बरा करून जाळी नंतर बसवता येते का, हे सर्जनच ठरवतील.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, हे आपल्या मनातून जात नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात जांघेच्या हर्नियावर अशीच स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली.

आता हलाल-हरामचे. आम्ही मुफ्ती नाही. जीव वाचवण्याच्या मजबुरीत सवलत आहे, हे सूरह बकराच्या १७३व्या आयतीवरून आपण जाणतोच. प्रक्रियेने वस्तूचे मूळ रूप बदलते का, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण दुसरा इलाज असेल तर मजबुरी आलीच कुठे? म्हणून मुफ्तीसाहेबांच्या आधी सर्जनना विचारा: जाळी कशापासून बनली आहे? माझ्या पोटात साधी जाळी का चालणार नाही? उत्तर घेऊन मग मशिदीत जा. अर्धी माहिती दिली तर फतवाही अर्धाच मिळेल. हे सगळे सही करण्याआधी, भूल देण्याच्या टेबलावर नव्हे. आमच्या ओळखीत एका घराला जाळीचे मूळ बिलावरून कळले. रुग्ण बरा झाला, पण मनाची टोचणी गेली नाही.

तोवर सासूबाईंची साखर आटोक्यात आणा, मशेरी असेल तर बंद करा, खोकला आणि बद्धकोष्ठ अंगावर काढू नका. टाका तुटायला याच गोष्टी कारण होतात.

फुगवटा घट्ट झाला, आत जाईना, उलट्या होऊ लागल्या, तर मात्र कुणालाही विचारत बसू नका. त्याच रात्री जालना किंवा संभाजीनगरची घाटी गाठा. अडकलेले आतडे सोडवणे हे पहिले काम, जाळी नंतरही बसवता येते.