ऑपरेशन झालं, पण फाइल बंद करू नका

जबलपूरच्या गोरखपुरात आमच्या शेजारच्या काकूंच्या स्तनातली गाठ लवकर सापडली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. काकू ग्वारीघाटावर नर्मदामैयाला दिवा सोडून आल्या. दोन वर्षांनी बोलता बोलता कळलं, अंगातून वाफा येतात म्हणून त्यांनी रोजची गोळी मनानेच बंद केली होती. म्हणाल्या, "गाठ गेली ना, मग गोळी कशाला?"

मैत्रिणींनो, गाठ निघाली तरी तिच्यातल्या काही पेशी आधीच शरीरात इतरत्र पोहोचलेल्या असू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1,600 स्त्रियांवरचा अभ्यास 2022 मध्ये मांडला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती जागा बधिर करणारं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं होतं. पाच वर्षांनंतर आजार न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात 86.6 टक्के होतं, इतरांमध्ये 82.6. फरक मोलाचा आहे, पण आजार दोन्हीकडे काहींना परतलाच. म्हणून ऑपरेशननंतरची काळजी महत्त्वाची.

हे लक्षात ठेवा

- पहिली तीन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी, पुढची दोन वर्षं 6 ते 12 महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा.
- मॅमोग्राफी दरवर्षी करा. दुसऱ्या स्तनाचीही.
- हार्मोनवर वाढणारा कॅन्सर पाच वर्षांनंतरही परतू शकतो. त्याची गोळी साधारण 5 ते 10 वर्षं चालते. त्रास झाला तर सांगा, परस्पर बंद करू नका.
- काहीच त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन करायची सहसा गरज नसते.
- टाक्यांजवळ किंवा काखेत गाठ, न थांबणारी हाडदुखी, बरेच दिवसांचा खोकला, धाप किंवा सततची डोकेदुखी असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.
- बायोप्सी आणि हार्मोन रिसेप्टरचे रिपोर्ट जपून ठेवा.

काकूंना मी आणि आई डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. तक्रार ऐकून घेतली, वाफांवर उपाय सुचवला आणि गोळी पुन्हा सुरू केली. आता काकूंच्या मॅमोग्राफीची तारीख आमच्याही कॅलेंडरवर असते, दुधाच्या हिशेबाशेजारी. तुमच्या घरात कोणी या वाटेवरून गेलं असेल, तर आज एवढंच विचारा: "पुढची तपासणी कधी आहे?"