रेघेवरचा शब्द

वडोदऱ्याच्या सयाजीबागेत, जिला त्या काळी कमाटीबाग म्हणत, 1917 साली एका संध्याकाळी बाबासाहेब आंबेडकर काही तास निराधार बसून होते. ज्या संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारान्वये ज्या दरबारच्या नोकरीत रुजू झाले, त्याच्याच राजधानीत त्यांना कोणी राहावयास जागा देईना, आणि पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना हाकलून देण्यात आले. या शहरातील मुलांना त्या संस्थानचे अधिपती सयाजीराव महाराज यांचा धडा शिकविताना ती शिष्यवृत्ती आणि ती संध्याकाळ कागदावर कोठे मांडावी, आणि त्यांच्यामध्ये ओढलेल्या रेघेवर कोणता शब्द लिहावा, हा प्रश्न मला अध्यापनाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

मधोमध विषय लिहून त्याभोवती उपविषयांच्या फांद्या काढण्याची रीत हल्ली शाळांतून ‘माइंड मॅप’ या नावाने रूढ झाली आहे. टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरील कार्यक्रमातून तिचा प्रसार केला. परंतु त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेली संकल्पनाचित्राची पद्धत मला अधिक मननीय वाटते. विज्ञानातील कल्पना बालमनात कशा पालटत जातात हे जाणण्यासाठी त्यांनी मुलांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, आणि त्या अफाट दप्तरातून एकेका मुलाची समजूत नजरेत यावी म्हणून ही चित्रे काढण्याची तजवीज केली. म्हणजे या साधनाचा उगमच मुलाचे ऐकून घेण्यात आहे. त्यात प्रत्येक रेघेवर संबंध सांगणारा शब्द लिहावा लागतो, आणि दूरदूरच्या फांद्याही एकमेकींस जोडता येतात, ज्या वडावरून आमच्या शहराला नाव मिळाले त्याच्या पारंब्या जशा वेगळ्याच ठिकाणी भुईत उतरतात तशा.

आपल्याकडे हे साधन उलट्या अंगाने वापरले जाते. महाराष्ट्रातील कृतिपत्रिकांत ‘आकृती पूर्ण करा’ असा हुकूम असतो. मधला शब्द आणि चौकटींची संख्या अगोदरच मुक्रर असते, आणि उताऱ्यातून चार शब्द उचलून चौकटींत बसविले की गुण पदरात पडतात. संगणकावरील नवी साधने तर अख्ख्या धड्याचा रंगीत नकाशा क्षणार्धात पुढे ठेवतात, आणि संबंध जुळविण्याचे जे श्रम मुलाने करावयाचे, ते यंत्राच्या खाती जमा होतात.

सयाजीरावांचाच धडा घ्या. अमरेली तालुक्यात 1893 साली सुरू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, 1906 मध्ये संस्थानभर झालेला त्याचा विस्तार, 1910 साली अमेरिकेहून बोलाविलेल्या बॉर्डन यांच्या हातून उभी राहिलेली ग्रंथालयांची व्यवस्था, शिष्यवृत्ती आणि 1917 ची ती संध्याकाळ, या पाचही चौकटी बिनचूक भरूनही मुलाला काहीच उमगलेले नसणे शक्य आहे. शाळा आणि ग्रंथालय यांच्यामधील रेघेवर तो सहज ‘म्हणून’ लिहील, आणि ते योग्यही आहे, कारण अक्षरओळख पुस्तकावाचून टिकत नाही. परंतु शिष्यवृत्तीपासून त्या बागेपर्यंतच्या रेघेवर ‘म्हणून’ चालत नाही. तेथे कोणी ‘तरीही’ लिहील, आणि एखादी मुलगी मध्ये ‘अस्पृश्यता’ ही नवी चौकट काढून महाराजांचा हुकूम दप्तरापर्यंत पोहोचला, पथिकाश्रमाच्या दारापर्यंत का पोहोचला नाही, असे विचारील. मला अभिप्रेत असलेले शिक्षण त्या क्षणी घडत असते.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे चित्र तपासावयास शिक्षकाला सवड कोठून मिळणार, ही अडचण मी क्षुल्लक मानीत नाही. पण सत्रातून एका धड्यापुरता कोरा कागद हाती देणे कोणत्याही शाळेला अशक्य नसावे. परीक्षेतही, भरावयाच्या चौकटींऐवजी, सहा शब्द छापून द्यावेत, रेघा मुलांनी ओढाव्यात, आणि परीक्षकाने गुण द्यावयाचे ते त्या रेघांवर लिहिलेल्या शब्दांना द्यावेत.